टपावर कॅनू : तळ्यापर्यंत आणि परत

आदली संध्याकाळ

बॅगा भरायच्या आधी आम्ही गाडीचं मॅन्युअल उघडलं. टपावर किती वजन चालतं हे त्यात एका ओळीत दिलेलं असतं, आणि ती ओळ वाचल्याशिवाय कॅनू (वल्ह्याने चालवायची लांब, उघडी नाव) टपावर चढवू नये असं माझं ठाम मत आहे. आमच्या गाडीला मर्यादा ७५ किलोंची. बहुतेक मोटारींची ती ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते आणि रॅकचं, म्हणजे टपावर बसवलेल्या दोन आडव्या बारांचं, स्वतःचं वजनही त्यातच धरायचं असतं. आमचा रॅक सहा किलोंचा, कॅनू २९ किलोंची. रॅकवर त्याची स्वतःची वेगळी मर्यादा छापलेली असते. दोन्ही आकड्यांपैकी जो कमी, तो आपला.

वजनाचा प्रश्न तिथेच मिटला. लांबीचा मात्र एवढ्यात मिटत नाही. कॅनू ४.९ मीटर लांब, गाडी साडेचार. नावेचा मध्य दोन बारांच्या मधोमध आणला की पुढचं टोक बॉनेटच्या पुढच्या कडेपाशी येतं आणि मागचं जवळजवळ अर्धा मीटर डिकीबाहेर राहतं. मागे किती बाहेर चालतं, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत एक मीटरच्या वर गेलं की किमान ३० बाय ३० सेंटीमीटरचा तांबडा झेंडा लावावा लागतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हीच रेषा चार फुटांवर आहे. आम्ही अर्ध्या मीटरलाही तांबडं फडकं बांधतो. पार्किंगमध्ये डोक्याच्या उंचीवर आलेलं ते टोक मागून चालत येणाऱ्या माणसाला दिसलं पाहिजे, एवढं कारण मला पुरेसं आहे.

अंधार पडायच्या आत रॅक तपासला. पुढचा बार जितका पुढे आणि मागचा जितका मागे नेता येईल तितका नेला. मध्ये ८५ सेंटीमीटर अंतर मिळालं. बार जवळजवळ असले की लांब नावेची टोकं वाऱ्याच्या प्रत्येक झोताला डुलतात आणि तो सगळा पीळ बारांच्या चार पायांवर येतो. पाय नीट बसलेत का, हे बघायची ताईची पद्धत मला फार आवडते. ती बार दोन्ही हातांनी धरते आणि गदागदा हलवते. अख्खी गाडी हलली तर ठीक. गाडी स्थिर राहून नुसता बार हलला, तर पाना काढायचा. उजवीकडचा मागचा पाय किंचित हलला. बोल्ट पाव फेरा आवळला, पुन्हा हलवून बघितलं आणि मग गाडी हलली.

पहिला दिवस

कॅनू उपडीच ठेवायची, पोट आकाशाकडे आणि काठ बारांवर. उताणी ठेवली तर पावसाचं पाणी भरतं, वारा आत शिरतो आणि वजन कुठल्या कुठे जातं. शिवाय उपडी नाव दोन्ही बारांवर काठांच्या चार बिंदूंवर टेकते, पोटासारखी गोल घरंगळत नाही.

चढवताना ताई पुढच्या टोकाला, मी मागच्या. भाच्याचं काम मोठं होतं : बाजूला उभं राहून दोन्ही काठ बारांवर बरोबर टेकतायत का ते बघायचं आणि 'मामा, थोडं डावीकडे' असं ओरडायचं. उचलण्याआधी नाव पूर्ण रिकामी केली. वल्ही, लाइफ जॅकेटं, गाद्या, पाणी उपसायचा डबा, सगळं गाडीच्या आत. नावेत अडकवून ठेवलेली सैल वस्तू रस्त्यावर मागच्या गाडीच्या काचेवर जाऊन आदळू शकते.

काठ टेकले की चारी ठोकळे सरकवायचे. आमच्या बारांवर एल आकाराचे, रबर लावलेले चार ठोकळे आहेत. ते काठाला चिकटवून आवळले की नाव डावी-उजवीकडे सरकू शकत नाही. हे ठोकळे नसतील तर पट्टा काठाला अगदी लागून बारभोवती घ्यावा. पट्टा आणि काठ यांच्यात चार बोटांची जागा राहिली, तर तेवढी नाव सरकतेच.

मग पट्टे. आम्ही २५ मिलिमीटर रुंदीचे, साडेचार मीटर लांबीचे, कॅम बकलवाले (पट्टा हाताने ओढला की दातेरी पकडीत अडकतो असे) पॉलिएस्टरचे पट्टे वापरतो. बकलचं टोक नावेवरून पलीकडे भिरकावायचं नाही. धातूचं बकल खिडकीच्या काचेवर बसलं की संपलं. बकल आपल्या बाजूला हातात ठेवायचं आणि मोकळं टोक पलीकडे टाकायचं. पलीकडच्या माणसाने ते बारच्या खालून घेऊन पुन्हा नावेवरून आपल्याकडे टाकायचं. आपल्या बाजूला ते बारखालून काढून बकलमध्ये घालायचं. असं केलं की नावेच्या पाठीवर पट्ट्याचे दोन पदर येतात आणि पट्टा दोन्ही बाजूंना बारला विळखा घालून बसतो. बकल नावेच्या अंगावर, काठाच्या जरा वर येईल असं ठेवायचं. टपावर टेकलं की रंग खरवडतं.

आता ओढायचं, पण हातानेच. रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायचे, पट्टे ट्रकवरच्या लाकडी पेट्यांसाठी ठीक आहेत. त्यांच्या दांड्याला इतका जोर असतो की आपल्याला कळायच्या आत काठ चेपतो, फायबरची नाव तडकते. कॅम बकलमध्ये आपल्या हाताच्या ताकदीपलीकडे जाताच येत नाही, आणि नावेला तेवढंच हवं असतं. मी पट्टा खाली ओढतो तेव्हा ताई दुसऱ्या हाताने नावेची पाठ दाबून बघते. पाठ किंचित दबली की पुरे. त्यानंतर नाव धरून हलवायची. नावेबरोबर गाडी हलली पाहिजे; रॅकला लावलेली कसोटी इथेही तीच.

पट्ट्यांचे मोकळे शेपूट बारला गुंडाळून दोन गाठी मारल्या. ते दारात चेमटवून ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. पावसात त्याच शेपटीवरून पाणी झिरपत आत येतं, आणि दार उघडलं की ते सुटतं ते वेगळंच.

इथपर्यंत आल्यावर भाचा म्हणाला, "झालं की! आता दोर कशाला?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण नाव वाहून नेण्याचं सगळं शहाणपण त्याच्या उत्तरात आहे. मी त्याला गाडीच्या पुढे उभं केलं आणि विचारलं, "ही नाव कुठेकुठे जाऊ शकते?" त्याने बोटं मोजली : डावीकडे, उजवीकडे, वर, पुढे, मागे. शिवाय गोल फिरू शकते, होकायंत्राच्या काट्यासारखी. खाली तेवढी जाऊ शकत नाही, कारण खाली बार आहेत. आता प्रत्येक दिशेला कोण अडवतंय ते सांग, म्हटलं. डावी-उजवीकडे ठोकळे. वर जायला दोन पट्टे. पुढे-मागे? तिथे तो थांबला. पट्टे थोडंफार अडवतात, पण ते फक्त घर्षणाच्या जोरावर. करकचून ब्रेक मारला की नाव पट्ट्यांखालून पुढे निसटू शकते. समोरून जोराचा वारा पुढच्या टोकाखाली शिरला तर ते टोक उचललं जातं, आणि मागच्या बारवर तरफ होते. नाव किती घट्ट बांधली आहे, यापेक्षा तिची प्रत्येक वाट कुणीतरी अडवली आहे का, हे बघायचं. नुसतं घट्ट आवळून एकही नवी वाट बंद होत नाही.

म्हणून दोर. बॉनेटखालच्या बोल्टला दोन्ही बाजूंना पट्ट्याचे फास कायमचे बसवले आहेत. बॉनेट लावलं की ते फटीतून वर येतात. पुढच्या टोकाच्या कडीतून दोन दोर उलट्या व्हीसारखे त्या फासांना. नावेचं टोक फासांच्या पुढे असल्यामुळे हे दोर नावेला खाली आणि मागे धरतात. मागच्या टोकाचा दोर टोइंगच्या हुकाला, तो खाली आणि पुढे धरतो. पुढचे मागे, मागचा पुढे, म्हणजे नाव मधल्या मधे जखडली. प्लास्टिकच्या बंपरला किंवा नंबरप्लेटच्या पट्टीला दोर बांधणं म्हणजे न बांधल्यासारखंच.

गाठ ट्रकवाल्यांची : दोराच्या मधोमध एक फास करायचा, टोक खालच्या कडीतून आणून त्या फासातून ओढायचं. कागदावर हिशोब केला तर ताण तिप्पट होतो. दोरावर दोर घासत असल्यामुळे बराच वाया जातो, तरी उरतो तो भरपूर. त्यामुळेच हात आवरावा लागतो. पुढचा दोर कमानीसारखा खेचला तर नाव बारांवर वाकते. दोर सरळ उभा राहिला, बोटाने टिचकी मारल्यावर फारसा हलला नाही, की बस. वर दोन अर्ध्या गाठी, आणि उरलेलं टोक गुंडाळून बांधून टाकायचं. पुढचं सैल टोक चाकाखाली गेलं तर चाक ते गुंडाळत नेतं आणि नावेचं नाक खाली ओढतं. दोर बांधण्यातला मोठा धोका हाच, म्हणून ते टोक कधीही मोकळं सोडू नये.

निघालो. पंधरा मिनिटांनी, दहा-बारा किलोमीटरवर, रुंद कडेला गाडी घेतली. हा थांबा आमच्याकडे ठरलेला असतो. सुरुवातीच्या धक्क्यांनी काठ रबरात बसतात, पट्ट्यातला पीळ सरळ होतो, आणि सकाळी घट्ट वाटलेला पट्टा बोटभर सैल झालेला असतो. पुढचा झालाच होता. दोन्ही पट्टे पुन्हा ओढले, दोरांवर हात फिरवला आणि पुढे निघालो.

महामार्गावर सत्तरच्या पुढे गेल्यावर टपावरून घुमणारा आवाज सुरू झाला. भाचा घाबरला. मागचा पट्टा नावेवर टेकत नाही तिथे, काठ आणि बार यांच्यामधल्या मोकळ्या तुकड्यात, सपाट राहिला होता. सपाट पट्टीवरून वारा गेला की ती फडफडते आणि पेटीसारखी वाजते. पुढच्या थांब्यावर त्या तुकड्याला एक पीळ दिला. आवाज बंद. आवाजाने डोकं उठतं हा एक त्रास झाला. पण तासन् तास फडफडणारा पट्टा बारच्या कडेवर झिजतो, म्हणून तो बंद करणं गरजेचंच असतं.

दुसरा दिवस

आजचा रस्ता उघड्या पठारावरून होता आणि बाजूचा वारा दिवसभर होता. ताईने गाडी ऐंशीच्या वर नेली नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो : सत्तरला जेवढा असतो त्याच्या दुप्पट तो शंभरला होतो. वेगमर्यादेच्या पाटीवर कितीही लिहिलेलं असो, टपावर नाव असताना आपली मर्यादा वारा ठरवतो. समोरून मोठा ट्रक गेला की आधी एक धक्का, मग ओढ. पुलावर कठडा संपतो त्या क्षणी गाडी एक वीतभर बाजूला जाते. ताई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून होती. माझी नजर पुढच्या दोन दोरांवर होती. या दोरांचा हा फायदा मला बांधण्याइतकाच मोलाचा वाटतो. मागे काय चाललंय ते दिसत नाही, पण नाव तसूभर जरी फिरली तरी काचेसमोरच्या दोन दोरांपैकी एक सैल पडतो. दिसलं की थांबायचं, 'पुढच्या पेट्रोलपंपावर बघू' म्हणायचं नाही.

दुपारी विश्रांतीच्या जागेवर दुसरी एक कॅनू दिसली. टपावर गादी अंथरून ती उपडी ठेवली होती, वर ताणायचे रबरी हूकवाले दोर. नाव तिरकी झाली होती, पुढचं टोक जवळजवळ शेजारच्या गाडीवर. तो गृहस्थ दर वीस मिनिटांनी थांबून ती सरळ करत इथवर आला होता आणि चेहऱ्यावरून फार दमलेला दिसत होता. ताई त्याच्याकडे गेली, म्हणाली, "दादा, आमच्याकडे जादा पट्टे आहेत. चला, तिघं मिळून बांधू."

रबराचा दोर ताणतो, हाच त्याचा गुण आणि हाच इथे दोष. वारा वर ओढतो तेव्हा तो वाऱ्याबरोबर जातो. त्याच्या गाडीला रॅक नव्हता, म्हणून फोमचे चार ठोकळे काठांखाली बसवले, चारी दारं उघडून पट्टे गाडीच्या आतून, छताखालून फिरवले आणि दारं लावली. दार उघडून पट्टा आत घ्यावा, खिडकीतून नाही. खिडकीतून घेतला तर दारंच बांधली जातात. रॅक नसताना पुढचे-मागचे दोर जास्तच महत्त्वाचे, कारण फोमचे ठोकळे टपावर घसरू शकतात. त्याच्या गाडीची टोइंगची स्क्रूवाली कडी डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीत तशीच पडली होती. बंपरवरचं चौकोनी झाकण काढून ती फिरवून बसवली. बऱ्याच गाड्यांत ही कडी अशीच पिशवीत असते. आम्ही त्याला साठच्या वर जाऊ नको म्हणून सांगितलं. त्याचं गाव जवळच होतं.

एक गोष्ट अजून. संध्याकाळी मुक्कामाच्या जागी आत शिरताना आडवा लोखंडी बार लागला. डॅशबोर्डवर आम्ही कागद चिकटवला होता : 'उंची २ मीटर १०'. जमिनीपासून नावेच्या पाठीपर्यंत निघण्याआधी टेपने मोजलेली. बारवर २ मीटर लिहिलं होतं. गाडी बाहेरच लावली. रात्री नावेच्या आडव्या दांडीतून बारपर्यंत वायरची साखळी घालून कुलूप लावलं.

तिसरा दिवस

घाट उतरून दहाच्या सुमाराला तळ्यावर पोचलो. उतारावर सतत ब्रेक लागत होते, म्हणून वर माथ्यावर एकदा आणि पायथ्याशी एकदा पुढचे दोर तपासले. काही सैल नव्हतं.

उतरवताना क्रम बांधणीच्या उलटा : आधी दोर, मग पट्टे. उलट केलं तर पट्टा सुटल्यावर नाव एकाच टोकाच्या दोरावर झोके घेते. वारा असेल तर शेवटचा पट्टा सोडण्याआधी एकाने नाव धरून उभं राहायचं. डिकीचं दार तर आधी उघडायचंच नाही. ते वर येतं आणि थेट नावेवर आदळतं.

पाण्यातल्या दिवसाबद्दल मी जास्त लिहीत नाही. भाच्याने पहिल्यांदा मागच्या बैठकीवरून नाव सरळ रेषेत नेली आणि बेटापाशी आम्हाला सोडून एकट्याने गोल चक्कर मारली. दिवस सार्थकी लागला.

परतीचा दिवस

ताईचा खांदा वल्हवून दुखत होता, म्हणून नाव चढवायचं काम मी एकट्याने केलं. एकट्याने चढवताना अख्खी नाव कधीच उचलायची नाही. गाडीच्या मागे नाव तिरकी उभी आणली, मागच्या बारवर जुनी सतरंजी टाकली, आणि फक्त पुढचं टोक उचलून बारवर टेकवलं. निम्मं वजन तिथेच उतरलं. मग मागचं टोक उचलून नाव पुढे ढकलायची, ती सतरंजीवरून घसरत पुढच्या बारवर जाते. पायाखाली जागा सपाट हवी आणि हॅण्डब्रेक ओढलेला हवा. २९ किलोंची नाव अशी एका वेळी पंधरा किलोंच्या आसपासच हातावर येते. खांद्यावर घ्यायच्या मधल्या दांडीने उचलणारे लोक आहेत. मोकळ्या जागेत ते छानच, गाडीशेजारी वाऱ्यात मात्र मी ते करत नाही.

चढवायच्या आधी नाव पूर्ण धुतली, उलटी करून निथळवली, कोपऱ्यांतला गाळ आणि काठाला चिकटलेलं शेवाळ काढलं, आणि सुकू दिली. एका तळ्याचं पाणी दुसऱ्या तळ्यात नेलं की त्याबरोबर तिथले जीवही जातात. झेब्रा मसल नावाचा छोटा शिंपला असाच नावांबरोबर पसरत गेला. त्याची पिल्लं इतकी बारीक असतात की पाण्याच्या थेंबात डोळ्याला दिसत नाहीत. टपावरच्या कॅनूची ही जबाबदारी मला पट्ट्यांइतकीच खरी वाटते.

दुपारी पाऊस लागला. आमचे पट्टे पॉलिएस्टरचे, ते पाण्याने फारसे ताणत नाहीत. पण मागचा दोर नायलॉनचा होता. नायलॉन पाणी पितं आणि भिजलं की सैल पडतं, त्यामुळे पावसात दोनदा थांबून तो ओढून घेतला. पाऊस थांबल्यावर कडक ऊन पडलं, तेव्हा उलट केलं : जेवायला थांबलो तेवढा वेळ दोन्ही पट्टे किंचित सैल सोडले. आमची नाव पॉलिथिनची आहे. उन्हात तापून मऊ पडलेलं पोट घट्ट पट्ट्याखाली तासभर राहिलं तर तिथे खळगा पडतो. निघताना पुन्हा आवळायचं विसरू नये म्हणून भाच्याने गाडीची किल्लीच पट्ट्याच्या शेपटीला अडकवून ठेवली. ही युक्ती त्याची स्वतःची आणि आता आमची कायमची.

घरी नाव उतरवल्यावर पट्टे बादलीत धुऊन सावलीत टांगले. उन्हात पडलेला पट्टा वरून धडधाकट दिसतो, आतून धागा ठिसूळ होतो. प्रत्येक पट्टा दोन बोटांमध्ये धरून टोकापासून टोकापर्यंत ओढत नेला. मागच्या पट्ट्यावर, बारच्या कडेला जिथे तो वळतो तिथे, कडेचे धागे तुटून लव आली होती, नखाएवढ्या लांबीत. ताईने तो तिथेच कापून दोन तुकडे केले, म्हणजे कुणी चुकून पुन्हा बांधायला घेणार नाही. बारच्या त्या कडेवर कानशीने दोन हात मारून ती गोल केली आणि नव्या पट्ट्याची लांबी कागदावर लिहून ठेवली : साडेचार मीटर.